बुधला क्लबाला निघाला

माझ्याकडे नीट बघा, मित्रांनो. हात लावलात तरी चालेल, मी जाड काचेचा आहे. मी एक जुना बुधला आहे. पोट घागरीएवढं, गळा दोन बोटं जातील न जातील एवढा, आणि गळ्याशी धरायला एक कान. इंग्लंडात माझ्या जातीला डेमीजॉन म्हणतात. बुधला हे नाव मला आमच्या बाईंनी दिलं आणि तेव्हापासून मी दुसऱ्या नावाला ओ देत नाही.

माझा जन्म यॉर्कशरमधल्या एका काचकारखान्यात झाला. भट्टीतून निघताना आपण कसे लालबुंद होतो हे सगळीच काचेची भांडी रंगवून सांगतात. मला ते आठवत नाही, म्हणून मी सांगणार नाही. मला आठवतं ते नॉटिंगहॅममधलं रेग म्हाताऱ्याचं स्वयंपाकघर. रेग बस चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी कालव्याकाठची ब्लॅकबेरी तोडून आणून माझ्यात वाइन मुरत ठेवायचा. माझ्या तोंडावर तो एक वाकडी नळी बसवायचा. आतला वायू नळीतल्या पाण्यातून गुडगुड करत बाहेर पडायचा, आणि रेग ते ऐकत पेपर वाचत बसायचा. शेजारी येऊन मला खिडकीशी धरायचे आणि 'काय रंग आलाय' म्हणायचे. कौतुक वाइनचं होतं, पण रंग दिसत होता तो माझ्या काचेतून, हे विसरू नका.

पुढे रेग वारला. त्याच्या मुलाने मला गॅरेजमध्ये टाकलं आणि माझ्यात पक्ष्यांचे दाणे भरले. दाणे संपले तेव्हा कोळी राहायला आला. शेवटी घर विकताना मी जुन्या वस्तू विकणाऱ्या एका चॅरिटी शॉपच्या खिडकीत जाऊन बसलो आणि तिथून सुप्रभाबाईंनी मला उचललं.

सुप्रभाबाई इथल्याच एका हॉस्पिटलात जंतूंच्या डॉक्टर. पेशंटच्या अंगात कुठला जंतू शिरलाय, हे त्या प्रयोगशाळेत बसून ओळखायच्या. तेव्हा त्यांना माझ्यासाठी वेळ नव्हता. त्यांच्या लेकीने, ईशिताने, माझ्या पोटात दिव्यांची माळ सोडली आणि मी हॉलच्या कोपऱ्यात लुकलुकत बसलो. पाहुणे 'क्यूट' म्हणायचे. रेगची गुडगुड ऐकलेल्या बुधल्याला यात काय सुख?

मग बाई निवृत्त झाल्या आणि त्यांचीही माझ्यासारखीच गत झाली. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात त्यांना पहिल्या रांगेत बसवायचे, शाल द्यायचे, पण कुणी काही विचारायचं नाही. ज्यांना दिवसभर प्रश्न विचारले जायचे, त्यांना हे फार लागलं. एक दिवस त्यांनी माझ्यातली माळ उपसून काढली, मला धुतलं, आणि आलं, गूळ, लिंबू नि यीस्ट घालून बिअर लावली. मोठ्यांची बिअर हो. तुमच्यातल्या लहानांनी नुसता वास घ्यायचा.

गरम पाण्याच्या टाकीचं जे कपाट असतं ना, जिथे इंग्रज लोक टॉवेल ठेवतात, तिथे बाईंचं दह्याचं विरजण असतं. त्याच्या शेजारी त्यांनी मला बसवलं. मी पुन्हा गुडगुडू लागलो. खरं सांगतो, त्या दिवशी मला पुन्हा जन्मल्यासारखं वाटलं.

मंडळातली माणसं घरी आली, प्याली, आणि 'सुप्रभाताई, एकदम मस्त' म्हणाली. ती गेल्यावर अर्धे भरलेले पेले कुंड्यांच्या मागे सापडले. बाईंनी एकेक पेला उचलला, ओतला आणि विसळून ठेवला.

त्याच सुमारास बीस्टनच्या लायब्ररीत त्यांना एक पत्रक दिसलं. घरी बिअर करणाऱ्यांचा क्लब महिन्यातून एका गुरुवारी तिथल्या हॉलमध्ये जमतो. एकदा पाहुणे म्हणून या, आपली बिअर आणा आणि मग ठरवा.

"घरी करतेस ते ठीक आहे गं," यजमान, शशिधरराव, म्हणाले. "क्लब जॉइन कशाला करायचा? तिथे सगळे दाढीवाले असणार."

"अहो, दाढीवाल्यांना चव नसते का?"

"आई, जस्ट गो ना," ईशिता फोनवरून म्हणाली. "तुझा बिअर नाइस आहे."

"तू पण नाइसच म्हणणार," बाई म्हणाल्या.

बाईंना दाढीवाल्यांची भीती नव्हती. तिथेही सगळे छान-छान म्हणून मोकळे झाले, तर काय करायचं, याची होती. मग त्यांनी हे कामही सोडून दिलं असतं आणि मी परत कोपऱ्यात लुकलुकलो असतो. म्हणून मीही त्या गुरुवारी जीव मुठीत धरून निघालो. मुठी नाहीत मला, पण निघालो.

आपल्याकडे कुणाकडे जेवायला जाताना पदार्थाचं पातेलंच उचलून नेतात. बाईंनीही तसंच केलं. मला पुढच्या सीटवर बसवून बेल्ट लावला, स्वतः मागे बसल्या, आणि शशिधररावांनी गाडी हाणली. प्रत्येक राउंडअबाउटच्या गोल वळणाला माझ्या तळाचा गाळ वर येत होता.

हॉलमध्ये टेबलावर लहान लहान नितळ बाटल्या मांडलेल्या होत्या. त्यांच्यामध्ये मी, गढूळ पोटाचा. एकजण हसला. मी ताठ उभा राहिलो.

क्लबाची प्रमुख जेनिस नावाची बाई होती, स्वेटरभर कुत्र्याचे केस. तिने वास घेतला, एक घोट घेतला, थांबून दुसराही घेतला. मग म्हणाली, "आलं सुरेख लागतंय. पण ही बिघडली आहे. मागून आंबट दुधासारखी चव येते. कशातून गाळलीत?"

"मलमलच्या फडक्यातून," बाई म्हणाल्या. "मी त्यात श्रीखंडासाठी दही..." आणि त्या थांबल्या. मग अशा हसल्या की त्यांना खुर्ची धरावी लागली. "दही टांगते मी त्यात. धुतलं होतं, उकळलं नव्हतं. दह्याचे जंतू थेट बिअरमध्ये. हॉस्पिटलात यासाठी मी किती जणांना झापलंय."

सगळं टेबल त्यांच्याकडे वळलं. दही टांगतात म्हणजे कसं? किती गरम पाणी लागेल? हे जंतू कशाने मरतात? बाई उत्तरं देत होत्या आणि स्वतःही विचारत होत्या. किती दिवसांनी मी त्यांचा तो आवाज ऐकला.

मग त्यांनी स्वतःच्या हाताने मला सिंकमध्ये रिकामं केलं. मला वाईट वाटलं, ते लपवत नाही.

"तर, येणार का आमच्यात?" जेनिसने विचारलं.

"पुढची चांगली झाली, तर चांगली म्हणाल?"

"झाली तर म्हणू. आधी होऊ दे."

बाहेर शशिधरराव गाडीत वाट बघत होते. "काय म्हणाले? आवडली?"

"बिघडली आहे म्हणाले."

"जाऊ दे गं. मनाला लावून घेऊ नकोस."

"जाऊ काय दे? मेंबर झाले मी," बाई म्हणाल्या आणि मला मांडीवर घेऊन बसल्या.

मित्रांनो, माझी विनंती छोटी आहे. आम्हा बुधल्यांना नुसतं विसळू नका, आतून गरम पाण्याने नीट धुवा आणि कामाला लावा. आणि घरातल्या कुणी नवीन काही करून तुमच्यापुढे ठेवलं, तर पटकन छान म्हणून उठू नका. दुसरा घास घ्या, दुसरा घोट घ्या आणि कुठे चुकलं ते सांगा. त्याला ते परत करून बघायचं असतं.