भिंग कुणाच्या नावावर

सासूबाईंना अक्षरं मधूनच पुसल्यासारखी दिसायला लागली. ओळीच्या कडेचे शब्द दिसायचे, पण ज्या शब्दाकडे नीट बघावं तोच नाहीसा व्हायचा. सगळी नोकरी वाचनालयात काढलेली बाई. तिला वाचता येईना, हे घरात सगळ्यांच्याच जिवाला लागलं.

थोरली सून घरी बसून लोकांच्या वेबसाइट बनवायची. तिला दिरानं वहिनी म्हणायला सुरुवात केली आणि हळूहळू शेजारीपाजारीही तिला वहिनीच म्हणू लागले. तिनं सासूबाईंसाठी ब्राउझरमध्ये बसणारं एक छोटं एक्स्टेन्शन लिहिलं. माउस ज्या ओळीवर न्यावा ती ओळ पानाच्या वरच्या कडेला काळ्यावर पिवळ्या, ठसठशीत अक्षरांत उभी राहायची. पाहिजे तर मोठ्यानं वाचूनही दाखवायची. त्याचं नाव तिनं ठेवलं भिंग.

सासूबाईंनी पहिल्या दिवशी अख्खं वर्तमानपत्र वाचून काढलं, निविदांसकट.

मग त्यांच्या मैत्रिणींना ते हवंसं झालं, मैत्रिणींच्या ओळखीच्यांना हवंसं झालं, आणि तिथंच घोडं अडलं. प्रत्येकाचा ब्राउझर वेगळा. एकात चालणारं भिंग दुसऱ्यात उघडतच नसे. एकात ते पाठीमागे जागं राहायचं, दुसऱ्यात थोडा वेळ हात लावला नाही की झोपी जायचं आणि आवाज वाक्याच्या मध्येच तुटायचा. तिसऱ्याला तर ते वेगळ्याच वेष्टनात गुंडाळून द्यावं लागे, आणि त्या ब्राउझरची तपासणारी माणसं क्षुल्लक कारणानं परत पाठवायची. एक दुरुस्ती केली की ती तीन ठिकाणी, तीन तऱ्हांनी करायची. वहिनीच्या नाकीनऊ आले.

"मला दे एक," धाकटा दीर म्हणाला. तोही याच धंद्यातला. "सगळ्यात जास्त लोक वापरतात तो ब्राउझर मी बघतो. तू तुझे ते दोन नखरेल सांभाळ."

"बघ हं, मागं लागेन मी."

"लाग की. आईचंच काम आहे ना?"

वहिनीला हायसं वाटलं. मोठ्या ब्राउझरच्या स्टोअरमध्ये, जिथून लोक असली एक्स्टेन्शन उतरवून घेतात तिथं, त्यानं स्वतःच्या नावानं खातं उघडलं आणि भिंग तिथं ठेवलं. कुणाच्या नावावर याचा विचार दोघांपैकी कुणीच केला नाही. घरातल्या घरात कोण करतं? त्यानंच आईला नवा लॅपटॉप आणून दिला, त्यावर आपला ब्राउझर आणि आपलं भिंग बसवून दिलं. आठवडाभर येऊन शेजारी बसून शिकवलंही. ते सगळं खरं होतं, हे वहिनी पुढंही नाकारत नसे.

काही वर्षं बरी गेली. भिंग वापरणारे लोक वाढले. मदतीच्या पानावर वहिनीनं आपला पत्ता दिला होता, वहिनी याच नावानं. तिथं अनोळखी माणसं थेट "वहिनी, माझं भिंग आज बोलत नाही" असं लिहायची. तिला त्याचं अप्रूप वाटायचं.

मग मोठ्या ब्राउझरनं नियम बदलले. जुन्या पद्धतीनं लिहिलेली एक्स्टेन्शन बंद होणार, सगळं नव्यानं लिहा. वहिनीनं विचारलं, "तुला जमेल ना? नाहीतर मी हात लावते."

"करतोय. तू नको काळजी करू."

दर वेळी हेच. करतोय, झालंच, आता फक्त तपासणी राहिलीय. मग एकदा म्हणाला, "झालं गं, अपडेट गेलं सुद्धा." वहिनीनं त्याची पाठ थोपटली. नवं लिखाण बघायला मागितलं तेव्हा म्हणाला, नीट आवरून पाठवतो. तिनं पुन्हा मागितलं नाही. तिच्या यंत्रावर तिची स्वतःची प्रत होती, स्टोअरमधली ती कधी उतरवत नसे.

एका दुपारी सासूबाईंनी हाक मारली.

"अगं, हे भिंग आगाऊ झालंय. मी त्या मैत्रिणीनं पाठवलेलं आजाराचं पान वाचत होते, तर मला औषधाच्या दुकानाच्या पानावर नेऊन सोडलं. काल पण असंच झालं."

वहिनीला वाटलं, चुकून कुठंतरी बोट लागलं असेल. तिनं शेजारी खुर्ची ओढली, लॅपटॉप आपल्याकडे वळवला आणि भिंगाचा कोड उघडला. वरचा भाग तिचाच होता, तिनं लिहिलेल्या टिपांसकट. खाली मात्र सगळी अक्षरं एकमेकांत कोंबलेली, कुणाला वाचता येऊ नये अशी एक फाइल होती. ती एकेक ओळ सोडवत गेली. भिंग जी ओळ उचलायचं, ती ओळ दाखवण्याआधी कुठल्यातरी परक्या पत्त्यावर धाडत होतं. प्रत्येक ओळ. प्रत्येक पान. आणि स्टोअरच्या पानावर दिराच्या नावाऐवजी एका कंपनीचं नाव होतं. तिनं ते कधी ऐकलंही नव्हतं.

कुणीतरी त्याचं खातं फोडलं असणार, असंच तिला वाटलं. तिनं त्याला लगेच फोन केला. "अरे, लवकर ये, चोरी झालीय."

तो आला. दारातच तिचा चेहरा बघून त्यानं नजर खाली घातली. वहिनीला एवढं पुरलं.

"कधी दिलंस?" तिनं विचारलं.

"नियम बदलले तेव्हा." तो सोफ्याच्या कडेवर टेकला. "वहिनी, सगळं मुळापासून लिहायचं होतं. माझी नोकरी, घरचं, त्यात हे. त्या कंपनीचे लोक म्हणाले, आम्ही नवं करून देतो आणि पुढंही चालवतो. मला वाटलं, लोकांचं अडणार नाही."

"आणि ते सगळं वाचतात, हे?"

"एवढं करतील असं वाटलं नव्हतं."

"म्हणजे थोडं करतील, हे माहीत होतं."

तो एकदम उसळला, "तुझ्या दोन ब्राउझरांवर मूठभर लोक! सगळा भार माझ्यावर होता. तू विचारायचीस ते फक्त झालं का म्हणून!"

हे अगदीच खोटं नव्हतं, म्हणून वहिनीला जास्त झोंबलं.

"मला सांगायचं तरी होतं."

"सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणूनच विचारायचं असतं, भावजी. तुम्ही आता जा."

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तो कॉलेजात होता. पहिल्या दिवसापासून ती त्याला अरे-तुरे करत आली होती. ते तुम्ही ऐकून तो उठला, पायात चपला सरकवल्या आणि आईला न भेटताच गेला.

संध्याकाळी थोरल्यानं, म्हणजे वहिनीच्या नवऱ्यानं, सगळं ऐकून घेतलं. त्यालाही राग आला होता, पण तो म्हणाला, "घरातलं घरात मिटव. जगजाहीर केलंस तर त्याची नोकरी जाईल."

"आणि जे लोक मला वहिनी म्हणून लिहितात त्यांचं काय? त्यांना कोण सांगणार?"

"स्टोअरला कळव, ते काढून टाकतील."

तिनं कळवलं. उत्तर आलं की या नोंदीचा मालक कंपनी आहे, तुमचा संबंध दाखवा. खातं पहिल्यापासून दिराच्या नावावर, दाखवायला तिच्याकडे काही नव्हतं. उलट भिंग भलत्याच दुकानांत नेतं अशा लोकांच्या तक्रारी वाढल्या तशी दुसऱ्या ब्राउझरच्या तपासणाऱ्यांनी त्याच नावाचं म्हणून तिचं स्वच्छ भिंगही अडकवून ठेवलं. लोकांनी तिला लिहिलं, तुमच्यावर विश्वास होता हो. कुणी शिव्या दिल्या. शिव्या परवडल्या असत्या.

सासूबाईंना सांगायचं राहिलं होतं. थोरला म्हणाला, नको, आई खचेल. पण त्या रोज विचारायच्या, भिंग का काढून टाकलंस? शेवटी वहिनीनं त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं, धाकट्याचं नाव घेऊन.

सासूबाईंनी चष्मा काढून हातात घेतला.

"म्हणजे मी जे वाचत होते ते कुणीतरी बघत होतं."

"हो, आई."

"आजाराचं पण?"

"सगळं."

"वाचनालयात एक गृहस्थ आले होते," त्या म्हणाल्या. "मोठे अधिकारी. आमची बायको कुठली पुस्तकं नेते ते सांगा, म्हणाले. मी म्हटलं, पुस्तक हवं असेल तर देते, बाकी काही मिळणार नाही. त्यांनी वरपर्यंत तक्रार केली. माझी बढती अडली. धाकट्याला ठाऊक आहे हे. लहानपणी मला पुन्हा पुन्हा सांगायला लावायचा." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "तू लिही. सगळ्यांना कळू दे, काढून टाका म्हणावं."

"ह्यांचं म्हणणं आहे, भावजींची नोकरी..."

"त्याचं नाव नको घालूस. पण दिलं ते घरच्याच माणसानं, हे लिही. बाहेरच्या चोरावर ढकलू नकोस."

वहिनीनं मदतीच्या पानावर तसंच लिहिलं. थोरला दोन दिवस तिच्याशी मोजकंच बोलला. मग एका सकाळी स्वतःच शेजारी येऊन बसला आणि आलेल्या पत्रांना उत्तरं द्यायला लागला.

मोठ्या ब्राउझरच्या स्टोअरनं खूप आरडाओरडा झाल्यावर ती नोंद उडवली. कंपनीनं नाव बदलून दुसरीकडे दुकान मांडलं. धाकट्याची नोकरी राहिली. वहिनीनं तिन्ही ब्राउझरांसाठी सगळं नव्यानं, एकटीनं लिहिलं, वेगळं नाव दिलं, आणि या वेळी तिन्ही खाती स्वतःच्या नावानं उघडली. जुन्यांपैकी थोडेच लोक परत आले. त्यांच्याही पत्रांत आता वहिनी हा शब्द नसतो, नमस्कार असतो.

धाकट्यानं एकदा निरोप धाडला, मोठ्या ब्राउझरचं काही अडलं तर सांग. खरोखरच अडलं होतं, आवाज पुन्हा वाक्यात तुटत होता आणि त्यावरचा उपाय त्याला ठाऊक होता. वहिनीनं आठवडा घालवून तो आपला आपण शोधला.

तो अजून आईला भेटायला येतो. सासूबाई त्याला चहा विचारतात, मुलांची चौकशी करतात, कधी हसतातही. फक्त त्याची चाहूल लागली की आधी लॅपटॉपचं झाकण लावून घेतात.