चाळीस सेकंदांची शांतता

बाबांनी तिन्ही डिस्क टेबलावर ओळीने मांडल्या, डोळ्याला भिंग लावलं आणि पहिल्या खोक्यामागची बारीक अक्षरं वाचायला घेतली. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला कुठलीच वस्तू नुसती बघता येत नाही. उलटीसुलटी करून, कानाशी धरूनच त्यांचं समाधान व्हायचं.

"ही मूळ निगेटिव्हवरून केलीय," मुलगी म्हणाली. "एकेक चित्र पुसून काढलंय म्हणे."

"पुसून?"

"म्हणजे डाग, ओरखडे."

"सुरकुत्या तरी ठेवल्यात का माणसांच्या?"

ती हसली. तिची लेक चिमणी आतल्या खोलीत झोपली होती. ती उठेपर्यंतचा तासभर काय तो हातात होता, आणि आज काहीही करून बोलायचं, असं ती घरून ठरवून आली होती.

तीन वर्षांत तिने आणलेली ही तिसरी डिस्क. सिनेमा एकच. एक यान परक्या चंद्रावर कोसळतं, कप्तान पृथ्वीला हाक मारतो आणि उत्तराची वाट बघतो. दर वेळी ती चौकशी करकरून आवृत्ती शोधायची आणि दर वेळी बाबा थोडी बघून बाजूला ठेवून द्यायचे. "तुझे बाबा सिनेमा बघतात की तपासतात?" असं तिचा नवरा विचारायचा. आज बाबांनीच तिन्ही काढून ठेव म्हणून सांगितलं होतं. एकदाच काय तो निकाल लावू.

"त्रेपन्नावं मिनिट लाव," ते म्हणाले आणि खिशातून स्टॉपवॉच काढलं.

पहिल्या डिस्कचं चित्र काचेसारखं लख्ख होतं. कप्तानाने विचारलं, कोणी ऐकतंय का? आणि पाठोपाठ खालच्या सुरात एक घुमारा सुरू झाला.

"हे कोण गुणगुणतंय?"

"आवाज नव्याने केलाय, बाबा. पाच बाजूंनी येतो."

"एकाही बाजूने यायला नको होता. काढ."

दुसरी दिग्दर्शकाने स्वतः पुन्हा कापून जोडलेली होती. बाबांनी अंगठा दाबला आणि लगेच पुन्हा दाबला.

"अकरा सेकंद. हवेत चाळीस. एवढ्यात पृथ्वीवरून कोणी ओ देतं का? शेजारची बाईसुद्धा यापेक्षा जास्त वेळ लावते."

मुलीने डिस्क काढून खोक्यात ठेवली. खोक्याचं झाकण तिच्याकडून नीट बसेना.

ती नऊ वर्षांची असताना हा सिनेमा टीव्हीवर लागणार होता. घरात रेकॉर्ड करायचं यंत्र नव्हतं. बाबांनी लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एका गिऱ्हाइकाकडून दिवसभरासाठी कॅमेरा मागून आणला, स्टुलावर दोन जाड पुस्तकं रचून त्यांवर ठेवला आणि त्याचं तोंड टीव्हीकडे केलं. पंखा बंद. दारावर चिठ्ठी, बेल वाजवू नये. दोन तास कोणी चकार शब्द काढायचा नाही. आणि नेमक्या कप्तानाच्या त्या शांततेत स्वयंपाकघरातून आई म्हणाली, दूध बघ गं, उतू जाईल. त्यावर बाबांचं रागावलेलं "शू". त्यावर तिचं स्वतःचं बारीक आवाजातलं "बघते". सगळं कॅसेटमध्ये गेलं. बाबा पुढे दोन दिवस आईशी धड बोलले नाहीत.

आई जाऊन आता बारा वर्षं झाली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

पण हे तिला आठवलं ते फार उशिरा. सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी इथे आल्यावर तिने ही खोली आवरली होती. कॅसेटच्या खोक्याला बुरशी आली होती. तिने ते भंगारवाल्याला देऊन टाकलं. आठवड्याने बाबांनी विचारलं, तेव्हा ओरडा नको म्हणून ती सहज बोलून गेली, माळ्यावरचं सामान हलवताना कुठेतरी गेली असेल. पुढे एके सकाळी चिमणीला पाजत बसली असताना गॅसवर दूध उतू गेलं, त्याचा करपट वास घरभर पसरला, आणि आपण काय देऊन टाकलं ते तिला कळलं. ती उठलीच नाही. नवऱ्याने येऊन गॅस बंद केला.

तिसरी डिस्क पुठ्ठ्याच्या साध्या पाकिटातली होती. दुकानदारच म्हणाला होता, "ही अशीच घेऊन जा, ताई. रंग उडालेत, कोणी नेत नाही."

रंग खरंच उडाले होते. कप्तानाचा चेहरा विटलेल्या कापडासारखा दिसत होता आणि चित्रावरून ओरखडे पावसासारखे सरकत होते. बाबा खुर्चीत पुढे सरकले. त्यांना पडद्याकडे असं बघताना पाहून तिला राहवेना.

"बाबा, ती कॅसेट माळ्यावर हरवली नाही. मी..."

"भंगारवाल्याला दिलीस." त्यांनी नजर हलवली नाही. "माळ्यावरची धूळसुद्धा हलली नव्हती. तू सांगितलंस त्याच संध्याकाळी गेलो होतो त्याच्याकडे. माल पुढे गेला होता."

ती त्यांच्याकडे वळली.

"मग मला बोलला का नाहीत?"

"तुला सातवा महिना. काय बोलणार?" स्टॉपवॉच शून्यावर आणत ते म्हणाले, "आणि त्यातलं ते माझं 'शू' दर वेळी ऐकावं लागायचं. थांब आता. येईल."

कोणी ऐकतंय का, कप्तानाने विचारलं.

बाबांनी अंगठा दाबला. पडद्यावर काहीच हललं नाही. ना संगीत, ना घुमारा. मागे होती ती फक्त जुन्या फितीची बारीक खरखर. दहा सेकंद गेले, वीस गेले. बाबांचा दुसरा हात सवयीने ओठांकडे निघाला, अर्ध्या वाटेत थांबला आणि हळूच गुडघ्यावर येऊन टेकला. त्यांनी मान स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवली. तिथे ओटा स्वच्छ पुसलेला होता आणि शेगडीवर काहीच नव्हतं.

ती उठली. दारापर्यंत गेली आणि चौकटीला हात लावून उभी राहिली.

"बघते," ती म्हणाली.

पडद्यावर पृथ्वीवरून उत्तर आलं. मग माणसं बोलू लागली, दिवे लागले, सिनेमा पुढे गेला. बाबांच्या मुठीत स्टॉपवॉच तसंच चालू होतं.