तीन शब्द आणि एक नाव

"रेवी, हाका तूच घ्यायचा," बुटाची नाडी बांधता बांधता कप्तान कॉलिन म्हणाला. "दक्षिणेकडची टीम आलीय, लोकांना मजा हवी. आपल्यात माओरी तू एकटाच."

रेवी पाराता लोकरीच्या गोदामात गासड्या दाबायचा. चार वर्षं तो या रग्बी संघात खेळत होता, पण सगळ्यांनी त्याच्याकडे एकदम पाहिलं असं आजच घडत होतं. हाका म्हणजे सामन्याआधी आरोळ्या देत करायचं माओरींचं युद्धनृत्य. मला येत नाही, हे शब्द त्याच्या अगदी ओठांवर आले होते.

"घेतो की," तो म्हणाला.

मैदानात तो पुढे उभा राहिला, मांड्यांवर थाप मारली आणि लहानपणी कुठेतरी ऐकलेली पहिली ओळ ओरडला. दुसरी आठवेना. मागे चौदा गोरे पोरगे पाय आपटत वाट पाहत होते. मग जे माओरी शब्द तोंडात आले ते तो गरजला: रताळं. डुक्कर. शिंपले. त्यातच आजोबांचं नाव, पाओरा, आणि पुन्हा रताळं. डोळे वटारले, जीभ काढली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

तेवढ्यात त्याला कुंपणापाशी माता नावाची त्याची आत्या दिसली. तिच्याबरोबर गावातली चार म्हातारी माओरी माणसं होती. टाळ्या वाजवत नव्हती ती तेवढीच. एक म्हातारा पाठ फिरवून उभा होता.

सामना ते जिंकले. आत्या फाटकाशी थांबली होती, एकटीच.

"आत्या, तू येणार हे मला..."

"आमच्या बाबांचं नाव तू खाण्याच्या जिनसांत घेतलंस."

रेवीचे कान तापले. पूर्वजांच्या नावाला अन्नाचा स्पर्शही चालत नाही, हे त्याला ठाऊक होतं. डोकंही तसंच पवित्र; डोक्याखालची उशी जेवणाच्या टेबलावर ठेवली म्हणून आईने त्याला एकदा फटका दिला होता.

"येत नाही त्यात तुझा दोष नाही," आत्या हळू आवाजात म्हणाली. "तुझ्या आईने त्या भाषेपायी शाळेत छड्या खाल्ल्या, म्हणून तिने ती घरात शिरूच दिली नाही. पण बाळा, येत नाही एवढं सांगायला काय झालं होतं?"

खरं उत्तर त्याला माहीत होतं, आणि ते त्याला स्वतःलाही ऐकवत नव्हतं.

सोमवारी सरावाआधी कपडे बदलायच्या खोलीत त्याने कॉलिनला गाठलं. "मी हाका घेणार नाही. मला येत नाही. परवा मी नुसती खाण्याची नावं ओरडलो."

कॉलिन पोट धरून हसला. "अरे, ऐकलंत का? रेवीने त्यांना जेवणाची यादी वाचून दाखवली!" सगळी खोली हसली. "शनिवारी तेच घे बाबा, कोणाला कळतंय?"

"कळलं. माझ्या आत्याला कळलं."

हसू थोडं ओसरलं, थांबलं नाही.

शनिवारी कॉलिन स्वतःच पुढे उभा राहिला आणि तोंडाला येईल ते ओरडू लागला. रेवी मधल्या रेषेवर, त्यांच्यापासून दहा पावलं दूर, हात खाली सोडून उभा होता.

"काय रे रेवी, थंडी वाजते का?" कठड्यावरून कोणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

त्याने मान वर केली नाही. ओरडणं संपेपर्यंत तो गवताकडे बघत राहिला. मग शिट्टी वाजली आणि तो आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.