नीलम्माची माती

उद्धव सरांचा देवाशी उभा दावा. नांदेडच्या सोवळ्याओवळ्याच्या घरात जन्मले, पण जानवं कॉलेजातच खुंटीला टांगलं. लातुरात बारावीच्या शिकवण्या घ्यायला लागल्यावर तर विचारूच नका! कपाळाला अंगारा लावून आलेल्या पोराला हे वर्गात सगळ्यांदेखत सोलून काढायचे. माणूस सोन्यासारखा, जिभेला मात्र हाड नाही. भूकंप झाला तसं शिकवणीला कुलूप ठोकून मिळेल त्या ट्रकनं ते किल्लारीकडच्या एका गावात येऊन पडले.

गाव कसलं, दगडमातीचा ढीग. त्यातून निघालेली प्रेतं ओढ्याकाठच्या मोठ्या चितेवर न्यायची. नेण्याआधी अंगावरचे दागिने काढून नातेवाइकांसाठी थैलीत ठेवायचे. हे दागिन्यांचं काम सरांकडं होतं. तिथं डोळे मिटून भरवसा टाकावा असा दुसरा होता कोण?

चितेचा कारभार व्यंकटरावांच्या हातात. शेजारच्या गावचे बागायतदार. लाकडं त्यांची, ट्रॅक्टर त्यांचा, हुकूमही त्यांचाच. दुपारी त्यांचा माणूस पळत आला. "सर, लौकर चला. एक म्हातारा कुदळ घेऊन बसलाय. बायकोला उचलू देईना."

तो बसवंतअप्पा. डोक्याला पट्टी, अंगावर धूळ. पडक्या घरामागं त्यानं अर्धा खड्डा खणला होता. शेजारी बायको, नीलम्मा, लुगड्यात गुंडाळून ठेवलेली. व्यंकटराव चार माणसं घेऊन समोर उभे.

"आम्ही लिंगायत, सर," अप्पा म्हणाला. "आमच्यात जाळत न्हाईत. बसवून पुरतेत."

"अप्पा, गेलेल्या माणसाला माती काय न् राख काय?" सर सवयीनं बोलून गेले. "आभाळ भरून आलंय. रोगराई पसरली तर जित्या माणसांचं काय?"

"तुम्हाला काय नसंल. तिला होतं." अप्पानं बायकोच्या गळ्याकडं बोट केलं. "आन् तिचं लिंग कुठं हाय? मी डोक्याला पट्टी बांधायला गेलो अन् कुणी काढलं?"

सरांनी लगेच थैलीत हात घातला. चांदीची डबी बाहेर काढली. "मीच काढली. सांभाळून ठेवलीय, तुम्हालाच द्यायची होती."

"मला?" अप्पा उसळला. "न्हातानासुद्धा कधी उतरवलं न्हाई तिनं. ते तिच्या हातात देऊन पुरायचं असतंय. उघडी केलीत की ओ तिला, सर!"

लिंगायत गळ्यात डबीत लिंग बांधतात एवढं सरांना ठाऊक होतं. पण सकाळी त्यांना दिसली ती नुसती चांदी. प्रामाणिकपणे जपलेली चांदी! आता तीच डबी त्यांना हातात धरवेना. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"पुरे झालं बोलणं," व्यंकटराव ओरडले. "उचला रे!"

अप्पानं कुदळ वर उचलली. घाव घातला असता त्यानं, नक्की घातला असता. चौघांतला एक पुढं सरकला. सर मध्ये जाऊन उभे राहिले. कुदळ पाठीशी, माणसं पुढ्यात.

"हात लावायचा नाही."

"तुम्ही?" व्यंकटराव म्हणाले. "तुम्ही तर देव मानत न्हाई म्हणे!"

"नाही मानत. ही बाई मानत होती. आणि माती हिची आहे, माझी नाही."

"एकाला सोडलं की उद्या समदे मागतील."

"मागू द्या. ज्यांच्यात पुरतात त्यांना पुरू द्या. खड्डा मी स्वतः खोल खणतो. रोगाचं काय झालं तर माझी मान धरा."

धापा टाकणाऱ्या अप्पाचा श्वास सरांच्या मानेला लागत होता. शेवटी व्यंकटराव पचकन थुंकले. "निस्तरा तुमचं तुम्ही," म्हणाले आणि माणसं घेऊन ओढ्याकडं गेले.

सरांनी खणलं. खडूशिवाय कशाची सवय नसलेल्या हातांना फोड आले, फुटले. दोघांनी नीलम्माला खाली उतरवून बसवलं. अप्पानं डबीतलं लिंग तिच्या डाव्या तळव्यावर ठेवलं आणि बोटं मिटली.

"आमचा जंगम बी ढिगाखाली गेला," तो म्हणाला. "मंत्र सांगायला कुणी न्हाई राहिलं. शिकलेले हाव तुम्ही. तिच्या कानात तेवढं नमः शिवाय म्हणा."

दोन शब्दांचा तर प्रश्न! दुसरा कुणी म्हणून मोकळा झाला असता. सरांच्या ओठांपर्यंत आलंही ते. एवढं सगळं करून आता या म्हाताऱ्याला नाही म्हणायचं?

"अप्पा, माझा विश्वास नाही," ते म्हणाले. "माझ्या तोंडून ते खोटं निघेल. हिच्या कानात खोटं नाही बोलवत मला."

अप्पानं नीलम्माचा पदर तिच्या डोक्यावरून नीट ओढला.

"मग नका म्हणू. खोट्यानं म्हणायचं न्हाईच ते. मी म्हणतो. तुम्ही तिला धरा, पडू देऊ नका."

सर नीलम्माच्या पाठीमागं गुडघे टेकून बसले. तिच्या काखेतून हात घालून तिला सावरलं, तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. अप्पा वाकून तिच्या कानाशी मंत्र म्हणत होता आणि ओंजळीओंजळीनं माती लोटत होता. माती तिच्या कमरेशी आली, मग छातीशी. सरांचे हात मातीत गेले.

"आता काढा हात, सर," अप्पा म्हणाला.

"थांबा, अप्पा," सर म्हणाले. "मान अजून कलतेय."