मुळं घासणारा ब्रश

मित्रांनो, मी दात घासायचा एक जुना ब्रश आहे. कारखान्यात माझ्यासारखे शेकड्याने जन्मतात, म्हणून जन्माचा मला अभिमान नाही. पुढे महाडला अरविंदरावांच्या तोंडात तीन महिने राबलो. ते निवृत्त हेडक्लार्क. त्या तोंडातली बढाई माझ्याइतक्या जवळून कोणी ऐकली नसेल. माझे केस वाकले, तशी माझी बदली गच्चीवर झाली.

तिथे साठ कुंड्यांत सक्युलंट होती, म्हणजे जाड, रसाळ पानांची छोटी झाडं. अरविंदराव रोज माझ्याने त्यांची पानं साफ करत आणि पाहुण्यांना शास्त्रीय नावं ऐकवत. निम्मी चुकीची. पाहुणेही माना डोलावत, कारण त्यांना तेवढीही येत नसत! बारा कुंड्या तर त्यांनी शेजारच्या शाळेला भेट दिल्या. लांबलचक भाषणासकट.

मग पानं सुरकुतू लागली. "पाणी कमी पडतंय," म्हणत अरविंदरावांनी झारी रिकामी केली. पानं आणखी सुकली. मग दोष उन्हाला दिला, मग माती विकणाऱ्याला. स्वतःचं नाव काही त्यांना आठवलं नाही.

अशात वरंधहून त्यांची मोठी बहीण सोनाबाई आली.

"अरविंदा, पानं काय पुसतोस रे? मूळ बघितलंस काय?"

"आक्का, ही भाताची रोपं नाहीत. यातलं तुला काय कळतं?"

आक्काने वाद घातला नाही. कुंडी उपडी धरून बुडावर थाप मारली. झाड मातीसकट हातात आलं. मुळांना कापसासारखं पांढरं काही चिकटलं होतं आणि त्यात बारीक किडे वळवळत होते. पिठ्या ढेकूण! मुळांचा रस पिणारे. किड्यांचं मला नवल वाटलं नाही, पोट भरणं हेच त्यांचं काम. पण वर्षभर पानं पुसत बसलेल्या त्या शहाण्याची मला कीव आली.

अरविंदरावांनी गच्चीचं दार लोटलं. "शाळेच्या कुंड्याही यातल्याच. आक्का, कोणाला सांगू नकोस."

"मंग पोरांची झाडं मरू देणार हायस? तुझ्या नावासाठी?"

ते त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनी माती पिशवीत बांधून टाकली, सडकी मुळं कापली आणि उरलेली साबणाच्या पाण्यात माझ्याने घासली. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं शहाणपणाचं काम! झाडं सावलीत वाळत ठेवून ते मला खिशात घालून शाळेत गेले.

पाचवीच्या वर्गापुढे त्यांनी घसा खाकरला. मला वाटलं, झालं, आता भाषण.

"मुलांनो, मी दिलेल्या झाडांना कीड आहे. मी मुळं कधी बघितलीच नाहीत. माझं चुकलं."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सेजल नावाची मुलगी म्हणाली, "आजोबा, पण वरून तर चांगली हायत."

"माझीही आधी वरून चांगलीच होती, गो."

मग ते मुलांसोबत जमिनीवर बसले आणि एकेक कुंडी उपडी केली. सात झाडं वाचली, पाच गेली. मी अरविंदरावांचा तिरस्कार करायचं त्या दिवसापुरतं थांबवलं.

मित्रांनो, माझे केस आता गळाले आहेत, मला खुशाल फेका. पण झाड सुकलं तर झारी उचलण्याआधी ते कुंडीतून काढून बघा. हात मळायची लाज वाटत असेल, तर प्लास्टिकची झाडं आणा. तुम्हाला तीच शोभतील.