चार बोटांचा हिशेब

अरुंधती मॅडम नववीला विज्ञान शिकवायच्या. शाळा गव्हाणजवळ, खाडीपासून दहा मिनिटांवर. पावसाळ्यात तरंगण्याचा धडा चालू असताना मनस्वीने हात वर केला. तिचे वडील कुंदन कोळी खाडीत होडी चालवायचे.

"मॅडम, बाबा बोलतात, पावसाळ्यात होडी चार बोटं खाली बसते. ओझं तेवढंच असतं. मग असं का?"

"पावसाचं गोडं पाणी खाडीत येतं, पाण्याची घनता कमी होते," मॅडमनी लगेच उत्तर दिलं. मग त्यांनाच वाटलं, करून बघू या.

दुसऱ्या दिवशी मुलांनी मासळीचे दोन निळे ड्रम आणले. एकात उरणच्या किनाऱ्याहून आणलेलं समुद्राचं पाणी भरलं, दुसऱ्यात बोअरिंगचं गोडं. पीव्हीसी पाइपचं एक तोंड बंद करून आत वाळू भरली. समुद्राच्या पाण्यात पाइप चाळीस सेंटिमीटर बुडाला, गोड्या पाण्यात एक्केचाळीस.

"एकच सेंटिमीटर?" मितेश म्हणाला. "होडीपण साधारण एवढीच खोल असते पाण्यात, म्हणजे अर्धं बोट. बाकीची साडेतीन?"

मॅडमचं उत्तर चुकीचं नव्हतं, पण पुरेसंही नव्हतं.

"लाकूड पाणी पीत असेल," भाविका म्हणाली.

"होडी उन्हाळ्यातपण पाण्यातच असते ना," मनस्वी म्हणाली. "मग पावसाळ्यातच का पिणार?"

"मग होडीच बघू या," मॅडम म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्यांना शिकवताना इतकी मजा वाटली.

रविवारी भरतीच्या वेळी सगळे धक्क्यावर गेले. कुंदनने होडीवर पाण्याच्या रेषेला खडूची खूण केली.

"कुंदनदादा, आत पाणी साचलंय का?" मॅडमनी विचारलं.

"नाय मॅडम. मी रोज उपसतो. तळ कोरडा हाय."

मनस्वीने तळाची एक फळी उचलली. खाली पाणी चमकलं. फळ्यांखाली, आडव्या लाकडांच्या मधल्या कप्प्यांत, पावसाचं पाणी आणि चिखल अडकलेला होता. मुलांनी फळ्या काढल्या. पंधरा लिटरची बादली फिरू लागली, मितेश मोजत होता. विसाव्या बादलीला तळ दिसला.

खडूची खूण पाण्याच्या वर आली होती. मनस्वी वाकली, बोटं लावून मोजली.

"तीन!"

"गोड्या पाण्याचं अर्धं धरून साडेतीन झाली," मॅडम म्हणाल्या. "अर्धं बोट अजून राहिलं."

कुंदन ओशाळून हसला. "आमी वरवरचंच उपसत होतो," तो म्हणाला. मग समोर न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या जहाजाकडे बोट करून त्याने विचारलं, "मॅडम, त्या जहाजांच्या अंगावर एकाखाली एक रेषा असतात. त्या पण ह्याच्यासाठीच काय? गोडं पाणी, खारं पाणी?"

"माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "बघायला हवं."

मनस्वीने वही काढून प्रश्न लिहून घेतला.