खळीचा झगा आणि बसकी गाडी

जावई आला की घरातल्यांनी उठून उभं राहावं, इथपर्यंत मावशीची काही हरकत नव्हती. पण ह्या जावयाला अख्खी गल्ली उभी राहिल्याशिवाय आल्यासारखंच वाटत नसे. साधं येणं त्याला ठाऊकच नव्हतं. मागे तिच्या वाढदिवसाला त्यानं केक आणला तो एवढा, की दारातून आत येईना. शेवटी तिच्या लॉन्ड्रीच्या काउंटरवरच ठेवून कापला आणि पुढं दोन दिवस गिऱ्हाइकांच्या कोटांना गुलाबी क्रीम लागत राहिलं. घराला घड्याळ दिलं, तर ते दर तासाला असं ठणाणा करायचं की इस्त्री धरलेला हात दचकायचा. माणूस मनानं वाईट नव्हता. पण जे करील ते चारचौघांना दिसलंच पाहिजे, ही त्याची खोड. आणि बोलायची सोय नाही, कारण जावई. पोटच्या पोराला जे एका शब्दात सांगता येतं, ते ह्याला ‘अहो-जाहो’त गुंडाळून सांगावं लागे, आणि गुंडाळलेलं त्याला कळत नसे.

आज तर तिनं लेकीकरवी तीनदा निरोप धाडला होता. वेळेवर या, साधे या, गाडी आणू नका, टेम्पो आहे. तर साडेपाचला गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी पत्रा टराटरा फाडावा तसा आवाज झाला. पलीकडच्या चांभारानं हातोडी खाली ठेवली. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. आणि एक पिवळीधमक गाडी, गुडघ्याएवढ्या उंचीची, सरपटत सरपटत लॉन्ड्रीसमोर येऊन थांबली.

“हे काय?” मावशी म्हणाली. “अर्धीच आणली?”

“आई, ही अशीच असते,” जावई म्हणाला. मोठ्या लोकांना समारंभासाठी भारी गाड्या भाड्यानं देणाऱ्या कंपनीत तो कामाला होता. “आज तुमचा सत्कार. तुम्ही उतरलात की सगळं नाट्यगृह बघत राहिलं पाहिजे.”

सत्काराचं मात्र खरं होतं. नाट्यगृहाला पन्नास वर्षं झाली होती, आणि त्यातली चौतीस वर्षं तिथल्या कपडेपटाची धुणी-इस्त्री मावशीनं केली होती. राजांचे अंगरखे, राण्यांचे घागरे, शिपायांच्या वर्द्या, सगळं तिच्या हाताखालून गेलेलं. पण चौतीस वर्षं ती जायची ती मागच्या दारानं, हातावर कपडे घेऊन. एकदाच, पावसाच्या दिवशी, ती पुढून शिरू पाहत होती, तर दरवान म्हणाला होता, “मावशी, मागून.” ते ‘मागून’ तिच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं. आता निमंत्रणाच्या कार्डावर छापून आलं होतं: मुख्य दारानं प्रवेश, सात वाजता दारं बंद. कार्यक्रमात पहिलाच सत्कार तिचा. गेल्या आठवड्यात कपडे पोचवताना ती मुद्दाम वळसा घालून दरवानापुढं गेली आणि म्हणाली, “शनिवारी पुढून येते. दार धरून ठेवा.”

आणि पुढून जायचं तर कसं? ताठ. बिनचुणीचं. तिनं पांढरा सुती पायघोळ झगा स्वतः शिवून घेतला, स्वतः धुतला, आणि खळ दिली. एकदा दिली. रंगमंचावरच्या दिव्यांत कपडा मरगळतो, म्हणून दुसऱ्यांदा दिली. तिसऱ्यांदा का दिली ते तिलाही सांगता आलं नसतं. हात थांबला नाही, इतकंच. मग इस्त्री फिरवली. झगा खुंटीवरून काढून जमिनीवर ठेवला तर माणसाशिवाय उभा राहिला.

तिच्या लॉन्ड्रीत एक नियम होता, तो तिनं सुनेलाही पहिल्या दिवशी सांगितला होता: इस्त्री झालेला कपडा बसत नाही. तो टांगायचा, उभा न्यायचा. म्हणून टेम्पोत आडवी लोखंडी दांडी होती, आणि आजही त्याच दांडीला धरून, कपड्यांसारखं उभ्यानं जायचं असं तिचं ठरलेलं. थोरल्या लेकानं टेम्पो धुऊन ठेवला होता.

“मी टेम्पोनं जाते,” ती लेकीला आत नेऊन म्हणाली.

“आई, अगं दोन महिने साहेबांच्या मागे लागून एका संध्याकाळपुरती मिळवलीय त्यांनी. तुझ्यासाठी! आता नाही म्हणालीस तर तोंड कुठं लपवतील?”

“गाडीत लपवतील. आत तेवढीच जागा दिसतेय.”

“आई.”

लेकीचे डोळे भरून आलेले पाहून मावशीनं हात टेकले. “बरं. तू कुठं बसणार?”

“मी दादाबरोबर टेम्पोत. ह्यात दोनच माणसं मावतात.”

“एवढा आवाज करते आणि दोनच मावतात?”

गाडीचं दार बाजूला उघडण्याऐवजी वर गेलं. चांभारानं टाळ्या वाजवल्या. मावशी दारापाशी उभी राहून खाली पाहत राहिली, विहिरीत डोकावावं तशी.

“आधी टेकायचं आई, मग पाय आत घ्यायचे.”

“टेकायचं कुठं? रस्त्यावर?”

थोरल्यानं एक हात धरला, जावयानं दुसरा, आणि ‘हळू, हळू’ करत तिला खाली सोडली. मावशी बसली. झगा बसला नाही. पुढचा सगळा घेर फळीसारखा उठला आणि तिच्या हनुवटीशी येऊन थांबला. समोरच्या काचेतून तिला आता आपलं कामच तेवढं दिसत होतं.

गाडी निघाली.

“आई, जरा घेर खाली धरता का? डावीकडचा आरसा दिसत नाही.”

“तीनदा खळ दिलीय. तो आता माझंही ऐकत नाही.”

“बरं, डावीकडून कुणी आलं तर सांगा.”

“मला फक्त कापड दिसतंय, जावईबापू.”

पहिल्या चौकात लोकांनी मोबाइल काढले. जावयाची मान ताठ झाली. “ही आई, शून्यावरून शंभरवर तीन सेकंदांत जाते.”

“मग जाऊ द्या की.”

“इथं नाही जमत. मोकळा रस्ता लागतो.”

“मोकळ्या रस्त्यावर आपलं काय काम? नाट्यगृह गर्दीत आहे.”

पुढं स्पीडब्रेकर आला. जावयानं गाडी थांबवली, श्वास रोखला, आणि तिरकी करून, आधी एक चाक, मग दुसरं, असं पाळण्यातलं पोर उचलावं तसं पार केलं. मागे पंधरा गाड्यांनी भोंगे वाजवले. असे स्पीडब्रेकर वाटेत सात होते. तिसऱ्याला थोरल्याचा टेम्पो खडखडत शेजारून निघून गेला. आतून लेकीनं हात हलवला. दांडीला धरून ती मस्त उभी होती.

“थंडी वाजतेय का, आई? सीट गरम होते ह्यात.” तिनं काही म्हणायच्या आत त्यानं बटण दाबलं.

पाच मिनिटांनी मावशी म्हणाली, “जावईबापू, तुमची सीट मला इस्त्री करतेय.”

जावयानं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पडद्यावर लाल दिवा लागला. “बंद होत नाहीये. गाडी बंद करूनच होईल बहुतेक, आणि तेवढा वेळ नाही.”

“किती नंबरवर आहे?”

“तीन.”

“सुतीला तीन बरोबर आहे,” ती न राहवून बोलून गेली आणि मग स्वतःवरच चिडली.

नाट्यगृहापाशी पोचले तेव्हा सातला दहा मिनिटं होती. पुढच्या दाराकडे जायला छोटासा चढ होता. त्या चढावरून चौतीस वर्षांत लोकांच्या काय काय गाड्या गेल्या होत्या. ही गेली नाही. तिचं नाक चढाला टेकलं आणि ‘खर्रर्र’ असा आवाज झाला. जावयाचा चेहरा पांढराफटक पडला. तो उतरून पुढं धावला, वाकला, आणि डोक्याला हात लावून उभा राहिला. बोटभर लांबीचा ओरखडा.

जिन्यावरून दरवान खाली आला. त्यानं गाडी पाहिली, चढ पाहिला, आणि आत मावशी आहे ह्याचा पत्ता नसल्यानं अगदी सहज म्हणाला, “ही इथून चढायची नाही. मागच्या दाराशी सपाट आहे. मागून घ्या.”



“आई,” जावई खिडकीशी वाकून म्हणाला, “दोन मिनिटांचं तर काम आहे. मागून घेऊ, तिथं आरामात उतरता येईल—”

तो बोलता बोलता थांबला. मावशीचं तोंड बंद पडलेलं त्यानं लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले, आणि झग्यावरून मान उंचावून डोळे त्या पुढच्या दाराकडे लावलेले. तिनं त्याला एक शब्दही सुनावला नाही, आणि त्यानंच त्याचा धीर सुटला.

त्यानं हात आत घालून गाडी बंद केली. किल्ली खिशात टाकली.

“ओ साहेब, इथं नाही लावायची!” दरवान ओरडला. “मागे पाहुण्यांच्या गाड्या तुंबल्यात.”

“तुंबू द्या. आमच्या आई पुढूनच उतरणार.”

“आई म्हणजे कोण?” दरवानानं आत डोकावलं. “अरेच्चा! मावशी? आणि ह्यात?”

“बघता काय? उतरवा!” मावशीला वाचा फुटली.

दार वर करून दोघांनी हात धरून ओढलं. ती वीतभर वर आली, झगा कडाडला, आणि ती पुन्हा खाली गेली. “ओढू नका! चुरगळेल! मी काय बादलीतलं धुणं आहे पिळायला?” घड्याळात सातला सहा मिनिटं. मागचे भोंगे थांबेनात. आतून पहिली घंटा झाली.

तेवढ्यात टेम्पो पलीकडं लावून थोरला आणि लेक धावत आले. मावशीनं वर उघडलेल्या दारातून आभाळाकडं पाहिलं. वर काहीच नव्हतं, मोकळंच होतं. आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

“थोरल्या,” ती म्हणाली, “दांडी आण.”

थोरल्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही; लहानपणापासून कपडे उतरवतच मोठा झालेला. त्यानं टेम्पोतली दांडी उपसून आणली. एक टोक त्यानं धरलं, दुसरं जावयानं. दरवान मध्ये उभा. मावशीनं दोन्ही हातांनी दांडी घट्ट पकडली.

“झटका द्यायचा नाही. सरळ वर. अंगरखा उचलतो तसा.”

“आई, माझा हात घसरला तर?” जावई घाबरून म्हणाला.

“तर तुमची बायको जाब विचारील. उचला!”

ती वर आली. सरळ, ताठ, खांद्यातून टांगलेल्या कपड्यासारखी. जावयाचा एक पाय गाडीच्या चकचकीत बॉनेटवरच होता, पण त्यानं खाली पाहिलं नाही. दात खाऊन, घाम गाळत तो दांडीच बघत राहिला. मावशीचे पाय जमिनीला लागले तेव्हा मागच्या गाड्यांतले पाहुणे भोंगे सोडून टाळ्या वाजवत होते.

तिनं घेर हातानं एकदा सारखा केला. पायऱ्या चढली. दरवान तिच्या आधी धावत वर गेला आणि त्यानं दाराचे दोन्ही पल्ले उघडले.

“या मावशी,” तो म्हणाला. “पुढून.”

“तेच करतेय,” मावशी म्हणाली आणि आत गेली. मागे दारं बंद झाली तेव्हा सातला एक मिनिट होतं.

रंगमंचावर शाल पांघरून घेताना नाट्यगृहातली एक ज्येष्ठ नटी तिच्या कानाशी लागली. “मावशी, झग्याला मागून ह्या दोन चुण्या कशा घातल्यास? सुरीसारखी धार आहे! माझ्या राणीच्या झग्याला अश्शाच पाहिजेत.”

मावशीनं वळून मागचा घेर पाहिला. मांडीखाली घेर दुमडला होता तिथं, आडव्या, एका रेषेत, दोन चुण्या पडल्या होत्या. तीन नंबरवर, पाऊण तास, अंगाच्या वजनाखाली. तिच्या हातानं त्या आयुष्यात इतक्या सरळ पडल्या नव्हत्या.

“घरातलंच काम आहे,” ती म्हणाली.

कार्यक्रम आटोपून सगळे पुढच्या दारानं बाहेर आले, तेव्हा पिवळी गाडी एका ट्रकवर चढवलेली होती. नाकाच्या ओरखड्यापायी कंपनीनं ती चालवूच नका म्हणून कळवलं होतं. जावई खाली मान घालून ट्रकपाशी उभा होता. दांडी अजून त्याच्याच हातात होती; परत कुणाला द्यायची ते त्याला सुचलं नसावं.

थोरल्यानं टेम्पोचं दार उघडलं. मावशी आत चढली आणि उभी राहिली.

“आई,” जावई म्हणाला, “चुकलंच माझं. तुम्ही तीनदा सांगितलं होतं.”

मावशीनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. शर्ट घामानं भिजलेला, एका बाहीला ग्रीस, आणि तळहातावर दांडीचा लाल वळ. झग्याला तिसरी खळ कुणी दिली होती, ते तिच्या जिभेच्या टोकापर्यंत आलं आणि तिथूनच मागं फिरलं.

“जावईबापू,” ती म्हणाली, पायऱ्यांवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, “तुमची ती गाडी इस्त्रीला झकास आहे. पण माणसं समारंभाला न्यायची तर टेम्पो. तेवढं ध्यानात ठेवा, ती दांडी जागेवर बसवा, आणि चढा वर. दांडीवर पकड चांगली आहे तुमची. माझ्या शेजारी उभे राहा.”